आडून कुठं बोलावं, उघड कुठं

आपल्याकडं अशुभ शब्द तोंडातून काढत नाहीत. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. डब्यातले तांदूळ संपत नाहीत, उदंड होतात. आणि घरातून निघणारा माणूस ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. या बोलण्यात समोरच्याची काळजी आहे आणि ते टिकावं असं मला मनापासून वाटतं. पण काही ठिकाणी हाच आडपडदा जिवावर बेततो.

पहिलं ठिकाण म्हणजे फोन. सातारा-सांगलीकडं घरात कुणी वारलं की मुंबई-पुण्यातल्या मुलाला ‘अण्णा सिरियस आहेत, लगेच निघ’ असंच कळवतात. वाटेत त्यानं हाय खाऊ नये हा हेतू. होतं उलटं. निदान डोळाभेट व्हावी म्हणून तो स्वतःच गाडी काढतो आणि रात्रीचा खंबाटकी घाट भरधाव चढतो. म्हणून आधी फोन त्याच्या बायकोला किंवा मित्राला करावा. गाडी दुसरं कुणीतरी चालवणार हे पक्कं झालं की मग त्याला सांगावं, ‘अण्णा गेले.’ लगोलग पुढचं वाक्य: ‘माती उद्या सकाळी नऊला, तू आल्याशिवाय उचलत नाही.’ वेळ कळली की जिवाची घालमेल थांबत नाही, पण गाडीचा वेग उतरतो. ‘गेले’ हा शब्द मऊ आहे आणि मोठ्यांना पुरेसा स्पष्टही. लहान मुलांना मात्र ‘झोपले’ कधीच म्हणू नये, ती स्वतः झोपायला घाबरतात. ‘देवाघरी गेले’ म्हटलं तर कधी येणार म्हणून वाट बघतात, तेव्हा ‘आता परत येणार नाहीत’ हेही त्याच दमात सांगावं.

दवाखान्याच्या दारात तर सगळेच मऊ शब्द बाहेर ठेवावेत. सापाचं नाव घेत नाहीत, ‘लांबडं’ म्हणतात. चावला तर ‘पान लागलं’. 108 ला फोन लावल्यावर पलीकडच्याला हे कळेलच असं नाही. ‘साप चावलाय, उजव्या पायाला, साडेसातला’ असं सांगावं. साप मारून न्यायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषारी सापांवर एकच लस चालते. ‘काहीतरी किडूकमिडूक चावलं असंल’ हे बोलणं सगळ्यात घातकी, कारण मण्यार चावल्यावर जागा फारशी दुखत नाही की सुजत नाही. थोड्या वेळानं पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, तोवर मोलाचे तास गेलेले असतात.

तासगाव-मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात ‘औषध’ म्हणजे फवारणीचं. तिथं ‘औषध पिलंय’ याचा अर्थ घरच्यांना ठाऊक असतो, पण लाजेपोटी डॉक्टरांना ‘चुकून पोटात गेलं’, ‘उलट्या होतायत’ एवढंच सांगितलं जातं. नेमकं कुठलं औषध, यावर उपचार ठरतात. बाटली किंवा पाकीट सोबत न्यावं, निदान लेबलाचा फोटो, त्यावरच्या रंगीत त्रिकोणासकट. घरी मीठपाणी पाजून उलटी काढायला जाऊ नये.

बायकांच्या बाबतीत ‘अंगावरून जातंय’ हा एकच शब्दप्रयोग पांढऱ्यालाही आणि लालालाही चालतो. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त जाणं ही कॅन्सरची खूण असू शकते, आणि तेव्हा आडून सांगितलं तर गोळ्यांवर भागवलं जातं. मावशींना, काकूंना एवढं एक वाक्य पाठ करून द्यावं: ‘पाळी गेली होती, आता परत रक्त जातंय.’ डॉक्टर पुरुष असतील तर चिठ्ठीवर लिहून दिलं तरी चालतं.

टोचणाऱ्या शब्दांची गोष्ट वेगळी. ‘खुळं’, ‘लंगडं’, ‘महारोगी’ हे शब्द सोडायलाच हवेत, तिथं माझी काही हरकत नाही. अडचण येते ती दिव्यांगत्वाच्या दाखल्याच्या अर्जात. ‘दिव्यांग’ किंवा ‘विशेष मूल’ एवढ्यानं तिथं भागत नाही. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यातला नेमका कुठला ते लिहावं लागतं. आपण ‘डोक्यानं जरा कमी’ म्हणून ज्यात दोन्ही कोंबतो ते मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता कायद्यात वेगवेगळे आहेत. बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट असल्यानं चुकीच्या रकान्यात गेलेलं मूल नाहक हेलपाटे घालतं.

वस्त्यांना असलेली जातिवाचक नावंही टोचणारीच. ती काढायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं डिसेंबर 2020 मध्ये घेतला. समतानगर, क्रांतीनगर अशा पाट्या लागल्या, पण कागद पाहावेत: घरपट्टीची पावती, वीजबिल, रेशनकार्ड. त्यावर जुनं नाव राहिलं असेल तर घरपट्टीसाठी ग्रामपंचायतीत, वीजबिलासाठी महावितरणकडं, रेशनकार्डासाठी तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.