‘ॲट ओन रिक्वेस्ट’: नानांच्या डिस्चार्ज बुकातली दुरुस्ती

नाना, म्हणजे माझे वडील, १ सप्टेंबर १९८७ ला फौजेत भरती झाले आणि ३१ ऑगस्ट २००४ ला सुटले. सतरा वर्षं, ना एक दिवस कमी ना एक दिवस जास्त. शिपाई म्हणून त्यांची मुदत सतराच वर्षांची होती. तरी त्यांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे सुटताना मिळालेल्या सेवा-नोंदींच्या पुस्तिकेत, सुटण्याच्या कारणापुढे लिहिलेलं होतं, ‘ॲट ओन रिक्वेस्ट’. म्हणजे मुदत पुरी व्हायच्या आत, स्वतः अर्ज करून सुटले.

पेन्शन सुरळीत मिळत होती. पंधरा वर्षं भरली की शिपायाला सर्व्हिस पेन्शन मिळते, मग तो मुदत संपून सुटलेला असो की विनंती करून. त्यामुळे इतकी वर्षं ती ओळ कुणाच्या डोळ्यांत खुपली नाही. प्रश्न होता नानांच्या गुडघ्याचा. सरावाच्या वेळी ट्रकमधून उतरताना त्यांचा गुडघा गेला, इंज्युरी रिपोर्ट झाला, आणि पुढची नोकरी त्यांनी लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त नसलेल्यांच्या वर्गात, काढली. सुटताना रिलीज मेडिकल बोर्डानं वीस टक्के अपंगत्व लिहिलं आणि ते सेवेमुळेच आलं असंही लिहिलं. नाना सुटले तेव्हाच्या पेन्शनच्या नियमात यासाठी वेगळी तरतूद होती. मुदत पुरी करून सुटलेल्याला सेवेमुळे आलेलं वीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल, तर सर्व्हिस पेन्शनवर डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे अपंगत्वाची जादा रक्कम, जोडून मिळत असे. स्वतःहून सुटलेल्यांना तो मिळत नसे. २००९ च्या सरकारी पत्रानं त्यांनाही दिला, पण १ जानेवारी २००६ पासून पुढे सुटलेल्यांना. नाना २००४ चे.

‘स्पर्श’ या फौजी पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर त्यांची माहिती तपासायची म्हणून मी त्यांची काळी पेटी उघडली. तीच ती, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव घातलेली. आत डिस्चार्ज बुकाखाली २००५ चं एक पत्र होतं. आपण स्वतःच्या विनंतीवरून सेवामुक्त झाला असल्याने डिसेबिलिटी एलिमेंट देय नाही, सहा महिन्यांत अपील करता येईल, अशा अर्थाचं. नानांनी ते वाचून, घडी घालून ठेवून दिलं होतं.

“तुम्ही अपील का नाही केलं?” मी विचारलं.

“पेन्शन आली होती ना. आणि साहेब लोकांनी लिहिलंय म्हणजे काहीतरी असेल.”

खोदून विचारल्यावर बाकीचं कळलं. २००२ मध्ये आजी अंथरुणाला खिळली, तेव्हा नानांनी घरच्या अडचणीसाठी लवकर सोडावं असा अर्ज दिला होता. आजी त्याच पावसाळ्यात गेली आणि नानांनी अर्ज लेखी मागे घेतला. पुढची दोन वर्षं ते युनिटमध्येच होते. सुटायच्या वेळी बुक भरणाऱ्याच्या हाती बहुधा तो जुना अर्ज लागला असावा. हा माझा तर्क आहे, सिद्ध करायची वेळ आली नाही.

आता सल्ल्यांविषयी. नाशिकमध्ये फौजेच्या कागदाचा विषय काढला की समोरचा माणूस डोळे मिटून सांगतो, “नाशिक रोड कॅम्पला जा, रेकॉर्ड तिथंच असतं.” असतं, पण तोपखान्याचं. ज्याची नोकरी आर्टिलरीत झाली त्याचं नशीब, बिटको चौकातून रिक्षा केली की पोहोचला. बाकीच्यांचं रेकॉर्ड ज्याच्या त्याच्या रेजिमेंटच्या नाहीतर कोअरच्या गावी. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्ती कोअरचं, सिकंदराबादला. नानांचंही असंच दुसऱ्या राज्यात. आमच्या सिन्नर तालुक्यातले कितीतरी जुने जवान देवळाली कॅम्पच्या आसपास चौकशा करून हात हलवत परत येतात, त्याचं कारण हेच.

खरी मदत झाली ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका कल्याण संघटकांची. स्वतः निवृत्त सुभेदार. त्यांनी बुक हातात घेतलं, दोन तारखा बोटानं दाखवल्या आणि म्हणाले, “ताई, अन्याय झाला असं कुठंही लिहू नका. वजाबाकी लिहा. आणि त्याआधी शीट रोल मागवा. हे बुक म्हणजे नक्कल आहे, मूळ कागद रेकॉर्डमध्ये असतो.”

सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत उपयोगी सल्ला. जवान घरी जपून ठेवतो ते डिस्चार्ज बुक सुटताना त्याच्या हाती दिलेलं असतं. भरती, बदल्या, बढती, शिक्षा, सुटण्याचं कारण हे सगळं शीट रोलमध्ये असतं. शिवाय माणसाच्या सेवेतला प्रत्येक बदल पार्ट टू ऑर्डरनं प्रसिद्ध होतो, लग्न आणि मूल झाल्याचासुद्धा. बुक आणि शीट रोल जुळत नसतील तर ती लेखनातली चूक, रेकॉर्ड ऑफिस स्वतः दुरुस्त करू शकतं. दोन्हीकडे एकच चुकीचं कारण असेल तर मात्र लढाई वेगळी. मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाशिवाय फारसा मार्ग उरत नाही. आपण कुठल्या रांगेत आहोत हे कळल्याखेरीज अर्ज करणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

म्हणून आधी माहितीचा अधिकार. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून शीट रोल, रिलीज मेडिकल बोर्डाची कागदपत्रं, डिस्चार्जची पार्ट टू ऑर्डर आणि २००२ चा अर्ज मागे घेतल्याची नोंद, एवढं मागितलं. अर्जावर सही नानांचीच. मुलीनं वडिलांची सेवा-कागदपत्रं मागितली तर ती त्रयस्थाची खासगी माहिती ठरवून नाकारली जाऊ शकते, त्यामुळे जवान हयात असेल तर त्याच्याच नावानं अर्ज करावा. ज्यांना पेन्शन मिळत नाही त्यांच्या घरच्यांनी तर अजिबात थांबू नये, कारण पेन्शन न मिळालेल्यांची सेवा-कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करतात. कायम राहतो तो फक्त लाँग रोल, म्हणजे जवानांच्या नावांची नोंदवही, आणि त्यात त्रोटक माहिती असते.

कागद आले. शीट रोलमध्ये स्वच्छ लिहिलेलं, मुदत पूर्ण झाल्याने सेवामुक्त, आर्मी रूल्स १९५४ चा नियम १३, तक्त्यातला तिसरा गट, पहिला उपप्रकार. बुकात तिसरा गट तोच, पण उपप्रकार चौथा, म्हणजे स्वतःच्या विनंतीवरून. बाकी अक्षर न् अक्षर तेच.

अर्ज एका पानाचा केला. भरतीची तारीख, सुटल्याची तारीख, मधली वर्षं, शीट रोलमधली नोंद, बुकातली नोंद, आणि खाली विनंती की बुकातली नोंद शीट रोलप्रमाणे करावी. नाशिकच्या सीबीएस बस स्थानकाजवळ जिल्हा न्यायालयाबाहेर प्रतिज्ञापत्र करून जोडलं, सैनिक कार्यालयाचं शिफारसपत्र वर लावलं. पहिलं उत्तर छापील साच्यातलं आलं. डिस्चार्ज बुकातली नोंद अंतिम आहे, तक्रार असल्यास न्यायाधिकरणाकडे जावे. मी चिडले होते, सुभेदारसाहेब हसले. त्यांनी दुसऱ्या पत्रात एकच प्रश्न घालायला लावला: ज्या पार्ट टू ऑर्डरनं माझी सेवामुक्ती झाली तिच्यात कोणतं कारण नमूद आहे? ऑर्डरची प्रत सोबत. याला साच्यातलं उत्तर देता येत नाही.

या वेळी उत्तर आलं, मूळ डिस्चार्ज बुक पाठवा.

नाना अडले. “बुक मी कुणाला देणार नाही. हरवलं तर? मी फौजेत होतो याला दुसरा पुरावा काय?” पेन्शन आहे, माजी सैनिकांच्या ईसीएचएस आरोग्य योजनेचं कार्ड आहे, स्पर्शवर सगळं आहे, हे सांगून उपयोग नव्हता. ज्या माणसानं सतरा वर्षं हुकूम आला की सामान बांधलं, तो पोस्टाच्या पाकिटाला भीत होता. शेवटी प्रत्येक पानाचा रंगीत स्कॅन काढला, प्रती साक्षांकित करून घेतल्या, तेव्हा कुठे स्पीड पोस्टानं बुक गेलं. ते परत येईपर्यंत नाना रोज मला विचारत, ट्रॅकिंगवर काय दाखवतंय.

परत आलेल्या बुकात जुनी ओळ लाल शाईनं खोडलेली, वर नवी नोंद, रेकॉर्ड अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का. सोबत पत्र. पत्र महत्त्वाचं, कारण पुढच्या प्रत्येक ठिकाणी खाडाखोड दिसली की ते लागतं.

डिसेबिलिटी एलिमेंटचा दावा आता नव्यानं रेकॉर्ड ऑफिसमार्फत प्रयागराजला, पेन्शनच्या प्रधान नियंत्रकांकडे गेला आहे. मंजूर झाला तर वीस टक्क्यांचे पन्नास धरले जावेत, कारण ही वाढीव टक्केवारी फक्त अपंगत्वामुळे काढून टाकलेल्यांपुरती नाही, मुदत संपून निवृत्त झालेल्यांनाही आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं राम अवतार प्रकरणात २०१४ मध्ये सांगितलं. थकबाकी मात्र २००४ पासून मिळेल या आशेवर मी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्याच तरसेम सिंग निकालापासून (२००८) इतक्या उशिरा आलेल्या पेन्शनच्या दाव्यात साधारण मागची तीन वर्षंच हाती पडत आली आहेत. नानांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “तीन तर तीन. पण आता कागदावर मी पळून आलेलो नाही ना?” ‘पळून’ असं कुणीच लिहिलं नव्हतं, पण गावात कुणीतरी कधीतरी बोललं असणार.

सहा महिन्यांत उत्तर आलं नाही तर न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येतं. त्यासाठीची फाईल मी आत्ताच लावून ठेवली आहे.