वाइनचा फ्रिज, नोंद सातवी: बाटली तेरावर, हवा तीनवर

रविवारी भाऊजी जेवायला होते म्हणून शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन काढली. दुसरा ग्लास ओतताना तळाशी बारीक चकचकीत खडे दिसले. "अहो, काच आहे ही!" म्हणत भाऊजींनी ग्लास लांब सरकवला. काच नव्हती. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल आणि पोटॅशियम यांचा क्षार थंडीत खाली बसतो, त्याचे ते खडे. पोटात गेले तरी काही होत नाही. भाऊजींची समजूत पटली, माझी झोप मात्र उडाली. हे खडे पडायला बाटली बरेच दिवस चांगलीच गार राहावी लागते, आणि माझा फ्रिज तर १३ अंशांवर स्थिर होता. सहाव्या नोंदीत मीच छाती फुगवून तसं लिहिलं होतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. पेल्टियरवालं (कॉम्प्रेसरशिवाय, विजेच्या चकतीने गार होणारं) १८ बाटल्यांचं वाइनचं कपाट मी एप्रिलमध्ये निकालात काढलं. बाहेरच्या हवेपेक्षा १६-१७ अंश खाली, एवढीच त्याची झेप. आमच्या कोथरूडच्या हॉलमध्ये दुपारी ३६ असताना आत १९-२० च्या खाली ते उतरेना, आणि वर दिवसरात्र चालू राहून रोज दीड युनिट खाई. पुण्यात ज्यांना पेल्टियर घ्यायचंय त्यांनी एसीची खोली आधी घ्यावी. मग आईचा जुना एकदारी १६५ लिटरचा फ्रिज गच्चीवरच्या खोलीतून खाली आणला, त्याच्या प्लगच्या आधी एसटीसी-१००० कंट्रोलर (सेन्सरचं तापमान बघून फ्रिजची वीज चालू-बंद करणारा डबा) बसवला आणि आतला दिवा काढून टाकला. सेट १३, फरक १ (म्हणजे १४ ला चालू, १३ ला बंद), कॉम्प्रेसरला ५ मिनिटांची विश्रांती.

आता मूळ दुखणं. रविवारी रात्री स्वयंपाकातला थर्मामीटर वरच्या जाळीवर ठेवला. पाऊण तासाने ३.५. खालच्या कप्प्यात १५. आणि कंट्रोलर निर्लज्जपणे १३.२ दाखवतोय.

पहिला संशय कंट्रोलरवर, कारण तो ऑनलाइन सगळ्यात स्वस्त दिसला म्हणून घेतलेला. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी ढवळून त्यात सेन्सर बुडवला. शून्य दिसायला हवं होतं, ०.४ दिसलं. कंट्रोलरच्या एफ-४ या सेटिंगमध्ये तेवढी दुरुस्ती केली, पण ०.४ चुकीने वर ३ आणि खाली १५ होत नाही. मग दाराच्या रबरावर संशय. सेन्सरची वायर मी तिथूनच आत घेतली आहे (फ्रिजच्या भिंतीला भोकं पाडू नका, आत काय जातंय ते दिसत नाही). दहाची नोट दारात धरून चारही बाजूंनी ओढून पाहिली. वायरच्या जागी जराशी सैल, बाकी घट्ट.

सोमवारी एका मेकॅनिकला फोन केला. "गॅस भरावा लागेल, अडीच हजार." फ्रिज न बघताच! अहो, गॅस कमी असेल तर फ्रिज गार होत नाही, माझा नको तितका गार होतोय. "मग गॅस जास्त झाला असेल," म्हणाला. फोन ठेवला.

शेवटी जुना उपाय: वही. सोमवारी रात्री दहापासून खुर्ची टाकून बसलो, दर दहा मिनिटांनी चार आकडे: बाटली (पाण्याची, कंट्रोलरचा सेन्सर तिच्यात असतो), वरची हवा, खालची हवा, फ्रीझरचा पत्रा. पत्र्याला दुसरा सेन्सर चिकटपट्टीने लावला. बायको दोनदा येऊन बघून गेली आणि काही न बोलता परत गेली, हे बोलण्यापेक्षा वाईट.

पहाटेपर्यंत वहीने सगळं सांगितलं. १०.२० ला बाटली १४ झाली, कॉम्प्रेसर सुरू. अर्ध्या तासात वरची हवा ७, बाटली अजून १४ च. तासाभराने पत्रा उणे १७, वरची हवा ४, बाटली १३.७. कॉम्प्रेसर बंद झाला तो तब्बल १ तास ५० मिनिटांनी. तोवर पत्रा उणे १९, वर बर्फाची पांढरी साय. आणि खरी गंमत पुढे: कॉम्प्रेसर बंद पडल्यावरही तो गारठलेला पत्रा आणखी चाळीस मिनिटं हवा ओढत राहिला, थेट ३ पर्यंत. मग पाच तास सगळं शांत.

म्हणजे दोषी कोण? मीच. पाचव्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की सेन्सर हवेत ठेवू नका, पाणी भरलेल्या वाइनच्या बाटलीत ठेवा, कारण आपल्याला द्रवाचं तापमान हवंय, हवेचं नाही. मापायला ते बरोबर आहे. हुकूम द्यायला साफ चूक. पाऊण लिटर पाणी आणि जाड काच, तिला थंडीची बातमी पोचेपर्यंत वर बर्फ जमतो. ज्यांनी माझं ऐकून तसं केलं असेल त्यांची माफी मागतो. वरच्या कप्प्यातल्या पांढऱ्या वाइन आजच बघा.

मंगळवारी सेन्सर सरळ हवेत लटकवला. आता दुसरं टोक: दार उघडलं की कॉम्प्रेसर चालू, आठ मिनिटांत बंद, पुन्हा चालू. असं दिवसभर चाललं तर कॉम्प्रेसरचं आयुष्य कमी. पाच मिनिटांची विश्रांती नसती तर आणखी वाईट; तेवढ्यात आतला दाब समान होतो आणि मोटारवर ताण येत नाही. परवाच्या वळवात वीज चार वेळा गेली-आली, पण या पठ्ठ्याने दर वेळी पाच मिनिटं मोजूनच सुरुवात केली. कंट्रोलर स्वस्तातला असला तरी याबाबत त्याला मानतो.

मधला मार्ग औषधांच्या डब्यात सापडला: आईच्या खोकल्याच्या औषधाची रिकामी ३० मिलीची बाटली. पाणी भरलं, सेन्सर आत, झाकणाला भोक, वर एम-सील. मधल्या जाळीवर टांगली. थोडं पाणी, म्हणून थोडाच उशीर. बुधवारची वही: कॉम्प्रेसर १४ मिनिटं चालू, ५५ मिनिटं बंद. वरची हवा १०.५, खालची १४.५. आणि मोठ्या बाटलीत (ती आता फक्त साक्षीदार, तिला स्वस्तातला वेगळा थर्मामीटर दिलाय) १३.१, दिवसभरात ०.३ सुद्धा हललं नाही. मी एकटाच स्वयंपाकघरात टाळी वाजवली.

पण वर-खाली चार अंशांचा फरक डोळ्यांत सलत होता. गुरुवारी सकाळी तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. ८० मिलिमीटरचा कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा आणि ९ व्होल्टचा अडॅप्टर, दोन्ही मिळून २६० रुपये. दुकानदार म्हणाला, "साहेब, १२ चा पंखा ९ वर कशाला?" आवाज कमी आणि वारा पुरेसा म्हणून. तिथे उभं राहून वस्तू हातात घेऊन फिरवून बघता येते, ऑनलाइनवाल्यांकडून बेअरिंगचा आवाज ऐकू येत नाही. पंखा जाळीला खालून बांधला, वारा वरच्या दिशेला. शुक्रवारी वर १२.४, खाली १३.३. जाळीवर ठेवलेल्या प्लायला मी भोकं पाडली नव्हती, ती आता पाडायची आहेत, म्हणजे फरक आणखी कमी होईल.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. फ्रिजचा स्वतःचा थर्मोस्टॅट मी सगळ्यात जास्त थंडवर फिरवून ठेवलाय, सगळे तसंच करतात, म्हणजे तो मध्ये येणार नाही. पण त्याची नळी तर फ्रीझरच्या पत्र्यालाच चिकटलेली असते! तो १ वर (सगळ्यात कमी थंड) आणला तर पत्रा भलताच गारठला की तोच कॉम्प्रेसर तोडेल. कंट्रोलर मालक आणि जुना थर्मोस्टॅट पहारेकरी. उठून फिरवून आलो. उद्या पत्र्याचा आकडा बघू.

ह्युमिडिटीबद्दल थोडक्यात. मिठाची चाचणी केली: बंद डब्यात झाकणभर ओलसर मीठ आणि आर्द्रतामापक, आठ तासांनी ७५ टक्के दिसायला हवं. माझा ६८ दाखवतो, म्हणजे ७ मिळवायचे. आत तसे ७८ भरले. बुचाच्या बाटल्यांना छान, फिरकीच्या झाकणांना काही फरक पडत नाही, लेबलांना वाईट. पावसाळ्यात अकलूजच्या सांजोव्हेझे या लाल वाइनच्या लेबलांना बुरशी धरू नये म्हणून ती आत्ताच प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळली.

नवी अडचण तांत्रिक नाही. शुक्रवारी फ्रिज उघडला तर खालच्या कप्प्यात शिराझच्या (लाल वाइनच्या) बाटल्यांशेजारी सहा हापूस. "नेहमीच्या फ्रिजमध्ये सालं काळी पडतात, इथे नाही पडत," आई म्हणाली. चिडणार होतो, पण तिचं बरोबर आहे. आंब्याला थंडी बाधते, बारा-तेरा अंश त्याला मानवतात, म्हणजे मी दोन महिने खटपट करून चुकून आंब्यांचं शीतगृह बांधलंय. वास बुचातून आत जाईल का, ही माझी भीती तिला पटली नाही. "फ्रिज माझा आहे," एवढंच म्हणाली.

दोन डझनाची पेटी उद्या देवगडहून येणार आहे. चार शिराझ वर हलवायच्या, तर आधी प्लायची भोकं पाडावी लागणार.