ढिल्लं हाये, भो

डिसेंबरातली रात्र. बामणोदजवळ एका मळ्यात भरीत पार्टी होती. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, बडगीत कुटली, आणि केळीच्या पानावर पुऱ्यांसोबत एवढी हाणली की बसल्या जागेवरून उठवेना. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते २०१६ साली. आमच्या पोटाने ते पिढ्यान्‌पिढ्या आधीच देऊन टाकलेलं. असो. साडेदहाला सगळ्यांचा निरोप घेऊन ऐटीत गाडीत बसलो, चावी फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. इंजिन ढिम्म.

बंद पडलेल्या गाडीभोवती माणसं किती चटकन गोळा होतात! आणि रिकाम्या हाताने कोणी येत नाही, प्रत्येकाकडे निदान तयार असतं. एकाने सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटार, जळाल्याचं जाहीर केलं. दुसरा म्हणाला, बॅटरी गेली, थंडीत जातेच. तिसऱ्याने तेवढ्यात भुसावळच्या ओळखीच्या दुकानदाराला फोन लावून नव्या बॅटरीचा भावही विचारला. मी मात्र वाद घालत होतो, कारण माझ्याकडे पुरावा होता. हेडलाइट लख्ख पेटत होते, आतला दिवा लागत होता, हॉर्न वाजत होता. बॅटरी मेली असती तर एवढा उजेड कुठून आला असता? सेल्फच गेला, माझंही मत पडलं.

थंडीवर आळ घ्यायची आपली सवय जुनीच. खरं म्हणजे बॅटरीला मार बसतो आपल्या मे महिन्याचा. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत ती आतून झिजते, तिचं पाणी आटतं. डिसेंबरात ती नुसती कण्हते. तेवढ्यावरून नाव खराब होतं थंडीचं.

एवढा वेळ शेकोटीपाशी बसून हे सगळं ऐकणारे मळ्यातले सालदार आबा उठले. तरुणपणी त्यांनी बरीच वर्षं ट्रॅक्टर चालवला होता. आल्या आल्या त्यांनी तिसऱ्याच्या हातातली सिगारेट लांब फेकायला लावली. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो, हे त्यांना कोणी पुस्तकात दाखवलेलं नसावं. मग बोनेटमध्ये वाकून, बॅटरीच्या धनाच्या (प्लसच्या) टर्मिनलला दोन बोटांत धरून त्यांनी हलवलं. लहान पोराचा पडायला आलेला दात हलवावा तसं. ते हललं.

“बॅटरी कायले बदलवता? ढिल्लं हाये हे.”

मोबाइलच्या उजेडात मी नीट पाहिलं. शिशाच्या त्या बुटक्या खुंट्यावर पांढरट-निळसर भुकटी चढली होती, आणि वरचं कडं इतकं सैल की अंगठ्याने फिरावं. एरवी बोनेट उघडून त्यात वायपरचं पाणी भरणारा मी, या भुकटीकडे किती महिने बघत होतो कोण जाणे. फुलं आल्यासारखी दिसते म्हणून मला ती जरा आवडायचीसुद्धा.

दिव्यांचं कोडं आबांनी ठिबकवर सोडवलं. फिल्टरमध्ये कचरा अडकला तरी दोन-चार नळ्यांना पाणी जातं, म्हणून माणूस बेफिकीर राहतो. सगळ्या मळ्याचा व्हॉल्व्ह उघडला की मग शेवटच्या केळीला थेंब नाही. अगदी तसंच. पूर्ण भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या जरा वर असते. दोन्ही हेडलाइट मिळून मागतात नऊ-दहा अँपिअर, सेल्फ मागतो शंभर-दीडशे किंवा त्याहून जास्त. सैल, गंजक्या जोडात समजा ओहमचा विसावा भाग एवढा अडथळा असेल. दिव्यांच्या वेळी तिथे अर्धाच व्होल्ट वाया जातो, कोणाच्या लक्षातही येत नाही. सेल्फच्या दीडशे अँपिअरला तोच अडथळा साडेसात व्होल्ट गिळायला बघतो. मग सेल्फचा रिले नुसता टक् म्हणतो आणि गप्प बसतो. म्हणजे माझा लख्ख पुरावा पुरावा नव्हताच.

आता पाना. दहा नंबरचा. माझ्या गाडीत दोन छत्र्या होत्या, शेगावच्या प्रसादाची पुडी होती, गेल्या लग्नातला फेटा होता. पाना नव्हता. आबांनी पंपाच्या पेटीतून पक्कड आणली. पक्कडीने आधी ऋणाचं (मायनसचं) टर्मिनल सोडवून बाजूला केलं. हलत होतं ते दुसरंच, म्हणून मी मध्ये बोललो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. कारण मला मागाहून सुचलं. ऋणाची तार गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. ती तशीच ठेवून धनाच्या नटावर पक्कड फिरवली आणि ती पत्र्याला टेकली, की ठिणग्यांची दिवाळी. म्हणून काढताना ऋण पहिलं, लावताना शेवटी.

भुकटी त्यांनी पोत्याच्या तुकड्याने पुसली, खुंटा आणि कड्याची आतली बाजू विळ्याच्या टोकाने खरवडून चकचकीत केली. शिसं इतकं मऊ की नखासारखं निघतं. कडं मात्र जुनं. आवळून आवळून त्याचे दोन्ही कान एकमेकांना टेकले होते, आणखी आवळायला जागाच नव्हती. तेव्हा आबांनी मोटारीच्या उरलेल्या केबलमधल्या चार तांब्याच्या तारा खुंट्याभोवती गुंडाळल्या, वर कडं तळापर्यंत दाबून बसवलं आणि पक्कड दोन्ही हातांनी पिळली. मग ऋण. मग पुन्हा दोन बोटांत धरून हलवून पाहिलं. हललं नाही.

“मार आता सेल्फ.”

पहिल्याच फटक्याला चालू. तिसरा अजून फोनवर दुकानदाराशी घासाघीस करत होता, त्याला गप्प करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात खायचा सोडा कालवून उरलेल्या भुकटीवर ओतला. तो इतका फसफसला की बायको स्वयंपाकघरातून बघायला आली आणि सोड्याचा डबा उचलून घेऊन गेली. कडं नवीन बसवून घेतलं, वरून व्हॅसलीनचा हात फिरवला. बॅटरीच्या या सोडण्या-जोडण्यापायी रेडिओवरची सगळी स्टेशनं मात्र पुसली गेली.

आणि दहा नंबरचा पाना सापडला. माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेल्या कूलरच्या तळाशी, पंपाशेजारी. जूनमध्ये स्टँडचे नट आवळून मीच तो तिथे विसरलो होतो. आता तो गाडीच्या डॅशबोर्डात ठेवलाय. मार्चमध्ये कूलर खाली काढू तेव्हा घरभर त्याची शोधाशोध होणार, हे बायकोने आत्ताच सांगून ठेवलंय.