दहा वर्षांतून एकदा, की दर तिमाहीला तीस प्रश्न?

अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिन या, अंतर्गत वैद्यकशास्त्रातील (इंटर्नल मेडिसिन) तज्ज्ञ डॉक्टरांना प्रमाणित करणाऱ्या अमेरिकी संस्थेचे प्रमाणपत्र १९९० पूर्वी एकदा मिळाले की आयुष्यभर टिकत असे; त्या वर्षापासून त्याला दहा वर्षांची मुदत आली आणि मुदत संपताना दिवसभराची परीक्षा. मी ती परीक्षा दिली आहे. जानेवारी २०२२ पासून तिला पर्याय मिळाला: पाच वर्षे, दर तिमाहीला तीस प्रश्न, प्रत्येकी चार मिनिटे, घरी बसून, कोणतेही पुस्तक किंवा संकेतस्थळ उघडून, फक्त दुसऱ्या व्यक्तीला विचारायचे नाही. मी तो स्वीकारला आणि तोच योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे.

एकच उदाहरण देतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या मधुमेहींना मेटफॉर्मिन हे औषध द्यावे की नाही, हे पूर्वी रक्तातील क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्याच्या पातळीवरून ठरत असे. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने त्याऐवजी ईजीएफआरचा, म्हणजे मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळतात याच्या अंदाजाचा, निकष आणला. २०१५ मध्ये उत्तीर्ण झालेल्या डॉक्टरला हा बदल समजला आहे का, हे जुन्या पद्धतीत बोर्डाने २०२५ पर्यंत विचारलेच नसते, आणि दरम्यान त्याच्यासमोर शेकडो रुग्ण बसून गेले असते. तिमाही प्रश्नांत उत्तर चुकले तर बहुतेक वेळा त्याच क्षणी कारण आणि संदर्भ समोर येतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या ओपीडीत तो उपयोगी पडतो. जुन्या परीक्षेनंतर माझ्या हाती गुण आले, पण एकाही चुकलेल्या प्रश्नाचे स्पष्टीकरण आले नाही.

तुलनेसाठी, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पाच वर्षांत तीस क्रेडिट पॉइंट्स दाखवून डॉक्टरांच्या नोंदणीचे नूतनीकरण होते. नोंदणी आणि विशेषज्ञतेचे प्रमाणपत्र या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य. तरीही वैद्यकीय संमेलनातल्या उपस्थितीवर मिळणाऱ्या पॉइंट्सपेक्षा चुकलेला एक प्रश्न मला अधिक शिकवतो.

मात्र जुन्या परीक्षेने दिलेली एक गोष्ट मी गमावली आहे. तिच्या तयारीसाठी मी आठ महिने संपूर्ण विषय क्रमाने वाचला होता, रोजच्या कामात क्वचितच भेटणाऱ्या रक्तविकारांसह. सुटे प्रश्न तशी सलगता देत नाहीत. ज्या विषयात आपण कच्चे आहोत तिथे चार मिनिटांत उत्तर शोधता येते, पण विषय उमगत नाही. गेल्या तिमाहीत माझे रक्तविकारांवरचे दोन प्रश्न चुकले. दोन्हींची स्पष्टीकरणे वाचली, आणि आता रोज पहाटे अर्धा तास तो विभाग पहिल्या पानापासून पुन्हा वाचतो आहे.