आईची परकी कातडी आणि स्वतःची

साडीचा पदर गॅसवर पेटला आणि आई 40 टक्के भाजली. छाती, मान, दोन्ही हात. पहिले काही दिवस सलाइन, लघवीचं माप आणि तापावर नजर ठेवण्यातच गेले.

मग डॉक्टरांनी समजावलं. खोल भाजलेली जागा आपोआप भरून येत नाही. मेलेली कातडी काढून तिथे तिच्याच मांडीची पातळ कातडी लावायची. अशा लावलेल्या कातडीला ग्राफ्ट म्हणतात. पण इतकी कातडी एका वेळी काढणं तिच्या तब्येतीला झेपणारं नव्हतं, आणि जखम उघडी ठेवली तर अंगातलं पाणी झिरपत राहतं, जंतू शिरतात. म्हणून तोवर त्वचापेढीतली, म्हणजे दान केलेली कातडी साठवतात तिथली, कातडी.

मृत माणसाची कातडी आईच्या अंगावर, हे पचायला मला जड गेलं. त्यासाठी रक्तगटही जुळवावा लागत नाही. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत मांड्या, पाय, पाठ इथून वरचा पातळ थर काढतात आणि ग्लिसरॉलमध्ये थंड ठेवतात. ड्रेसिंगच्या वेळी एक तुकडा मी पाहिला. पिवळसर, चिवट पापुद्रा, सलाइनमध्ये धुतल्यावर मऊ झालेला. तो बसवल्यापासून आईचं कण्हणं स्पष्ट कमी झालं.

दोन-तीन आठवड्यांनी कडा सुटू लागल्या. मावशी रडायलाच लागली, "ग्राफ्ट फेल गेला गं!" पण ही कातडी कायमची नसतेच. शरीर ती परकी म्हणून टाकून देतं, आणि तोपर्यंत जखम पुढच्या ऑपरेशनसाठी तयार होते. हे नातेवाइकांना आधीच नीट सांगायला हवं, उगाच जीव टांगणीला लागतो.

मग तिची स्वतःची कातडी. यंत्रात घालून तिला बारीक छेद देतात, त्यामुळे ती जाळीसारखी ताणली जाऊन जास्त जागा झाकते. "हातापेक्षा मांडीच जास्त दुखते," आई म्हणायची, आणि ते खरंच असतं. पट्टी सोडल्यावर सिस्टर म्हणाल्या, "ग्राफ्ट धरलाय," म्हणजे कातडी नीट चिकटली. फक्त कोपराजवळ थोडा गेला, तिथे परत लावावा लागला.

आता प्रेशर गारमेंट, म्हणजे व्रण दाबून ठेवणारे घट्ट कपडे. आंघोळ आणि तेल लावण्यापुरते काढायचे, बाकी रात्रंदिवस घालायचे, तेही वर्षभर तरी. उन्हाळ्यात खाज असह्य होते, आई चिडते. पण एक दिवस सोडले तरी व्रण ताठ जाणवतात, म्हणून मी हट्टाने घालायला लावते. कोपराचे व्यायामही रोज चालू आहेत.