बेसमेंटचं पाणी आणि खिडकीची चंदेरी पट्टी

गाडी पांढरी, जर्मन बनावटीची सेडान. डाव्या बाजूच्या दोन्ही खिडक्यांभोवती जी चंदेरी पट्टी असते, तिच्यावर पांढुरके ओघळ आणि मागच्या दारावर मधेच काळपट चट्टे. मालक म्हणाले, "क्रोम गेलंय, जरा बफिंग करून द्या." बफिंगच्या आधी ती पट्टी कशाची आहे हे बघणं भाग होतं, कारण बीडिंग, म्हणजे अशी पट्टी, दिसायला सगळी सारखीच असते.

लोहचुंबक चिकटला नाही. पण तेवढ्यावर निकाल देता येत नाही. ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीललाही तो चिकटत नाही आणि क्रोम चढवलेल्या प्लास्टिकलाही नाही. मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर (दोन टोकांमधून वीज गेली की बीप वाजतो) ठेवून दोन्ही टोकं पट्टीवर हलकेच टेकवली. आवाज नाही. काळपट चट्ट्यावर टेकवली तर लगेच बीप. स्टील असो की क्रोम, दोन्हींतून वीज जाते. ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमवर विजेच्या मदतीने मुद्दाम चढवलेला ऑक्साइडचा थर मात्र ती अडवतो. म्हणजे पट्टी ॲनोडाइज्ड होती आणि चट्ट्यांच्या जागी तो थर खलास झाला होता. (टोकं दाबून धरू नयेत. थर जेमतेम ५ ते १० मायक्रॉनचा असतो, टोक आरपार जातं आणि उत्तर चुकीचं येतं.)

विचारपूस केल्यावर उलगडा झाला. गाडी सोसायटीच्या बेसमेंटमध्ये, स्लॅबच्या गळक्या जॉइंटखाली उभी राहायची. काँक्रीटमधून झिरपलेलं पाणी चुना घेऊन उतरतं, त्याचा पीएच १२ च्या आसपास, म्हणजे ते तीव्र अल्कली असतं. थेंब वाळला की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो, तोच तो पांढरा कडक थर. तो निघेना म्हणून गाडी धुणाऱ्याने फरशीचं ॲसिड फडक्यावर घेऊन चोळलं होतं. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड तीव्र अल्कलीतही विरघळतो आणि तीव्र आम्लातही. साधारण ४ ते ८.५ पीएचच्या पट्ट्यातच तो सुखी. इथे दोन्ही बाजूंनी मार बसला.

आता वरचं साचलेलं किती आणि आतलं खाल्लं गेलेलं किती, हे वेगळं करायचं. नख फिरवल्यावर उंचवटा लागला तर ते साचलेलं. डाग ओला केल्यावर दिसेनासा झाला, वाळल्यावर परत आला आणि नखाला काहीच लागलं नाही, तर थर खाल्ला गेलाय. पाणी त्या खडबडीत भागात भरतं म्हणून तेवढ्यापुरता तो लपतो.

गार पट्टीवर, सावलीत, पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर समसमान घेऊन मायक्रोफायबरने लावलं. बारीक बुडबुडे आले. मिनिटभरात भरपूर पाण्याने धुतलं आणि हेच पुन्हा केलं. व्हिनेगरही आम्लच आहे, भिजवलेलं फडकं पट्टीवर ठेवून चहाला जाऊ नये. पुढच्या दारावरचे बहुतेक ओघळ एवढ्यावर गेले. जे दुधी राहिले त्यांवर बारीक मेटल पॉलिश हाताने लावलं. इथे नजर फडक्यावर हवी. फडकं पॉलिशच्याच रंगाचं राहिलं तर थर शाबूत. काळं पडायला लागलं की खालचं ॲल्युमिनियम उघडं पडलं, आणि मग मागे फिरायची सोय नाही.

मागच्या दारावर दुसरा इलाज नव्हता. पट्टी काढून भोसरीला (पुण्याजवळच्या औद्योगिक भागात) पुन्हा ॲनोडाइज करून आणावी असं बरेच जण सुचवतात. पण ती काढताना वाकते, वाकलेली पुन्हा सरळ बसत नाही, आणि आत रबर किंवा स्टीलच्या क्लिपा असतील तर सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीत ती जाऊच शकत नाही. नवीन पट्टी हा सगळ्यात चांगला मार्ग. मालकांना तो खर्च नको होता. म्हणून उरलेला थर पूर्ण उतरवून उघडं ॲल्युमिनियम चमकवायचं ठरलं.

पेंट आणि रबरवर मास्किंग टेपचे दोन-तीन थर. पट्टीच्या रुंदीचा कडक स्पंज कापून त्यावर १००० चा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, आकडा जितका मोठा तितका बारीक), पाण्यात थेंबभर शाम्पू, हात फक्त लांबीच्या दिशेने. खड्डे १००० ने गेले नाहीत तिथे ८०० वर उतरावं लागलं. मग १५००, २०००, ३०००. आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा हातात घ्यायचा नाही, नाहीतर ते बफिंगनंतर उन्हात उठून दिसतात. शेवटी दोन इंची पॅडवर कंपाउंड, मशिनचा वेग कमी. अरुंद पट्टी पटकन तापते आणि शेजारचं रबर जळतं. निघणारा काळा लगदा पांढऱ्या गाडीवर वाळू द्यायचा नाही.

एक अडचण उरतेच. उघडं ॲल्युमिनियम ॲनोडाइज्डपेक्षा जास्त लखलखतं, त्यामुळे एकच दार केलं तर विजोड दिसतं. मालकांच्या संमतीने पुढच्या दाराच्या पट्टीवरचाही थर उतरवला. उजवी बाजू मूळचीच ठेवली, कारण दोन्ही बाजू एका वेळी कुणाला दिसत नाहीत.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून त्याच दिवशी सिरॅमिक कोटिंग लावलं आणि २४ तास पाणी लागू दिलं नाही. हे कोटिंग ॲनोडायझिंगची जागा घेत नाही. पावसाळ्यानंतर पट्टी मंद होणार, तेव्हा पॉलिशचा हात फिरवून कोटिंग पुन्हा लावावं लागेल, हे बिलावरच लिहून दिलं. धुताना फक्त न्यूट्रल शाम्पू. व्हील क्लीनर आणि इंजिन धुण्याचा डिग्रीझर पट्टीच्या वाऱ्यालाही नको.

मालकांनी कव्हर घालू का विचारलं. गळतीखाली कव्हर उलट वाईट: चुन्याचं पाणी कापडात मुरतं आणि पट्टीला चिकटून तासन्‌तास ओलं राहतं. सोसायटी जॉइंट दुरुस्त करेपर्यंत स्लॅबखाली पत्र्याची उतरती पन्हळ ठोकून पाणी भिंतीकडे वळवा, आणि तोवर गाडी चार फूट पुढे लावा, असं सांगितलं.