कपाशीच्या गावातली केमन

अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या दर्यापुरात माझी पोर्शे केमन ही स्पोर्ट्स कार रोज रस्त्यावर असते म्हटलं की लोक आधी खड्ड्यांचं विचारतात. खड्डे दिसतात, चुकवता येतात. मला खरी काळजी असते ती कापसाची.

आमचं जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. नोव्हेंबरपासून पार होळीपर्यंत हवेत रुई तरंगत असते आणि माझी गाडी त्याच आवारात उभी असते. २०१० चं मॉडेल, २.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, सेकंडहँड घेतलेली. हिच्यात इंजिन सीटच्या मागे, पण पाणी थंड करणारे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, आणि त्यांच्याही पुढे एसीचे कंडेन्सर. बंपरची तोंडं रस्त्यालगत उघडी. त्यामुळे रुई, सोयाबीनचं कुटार आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची वाळलेली पानं असं सगळं आत ओढलं जातं.

समोरून टॉर्च मारून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते, आणि तिथेच माणूस फसतो. कचरा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतो. दर आठवड्याला मी पुढून हात घालून, बोटांनी आणि व्हॅक्यूमच्या बारीक नळीने जेवढं निघेल तेवढं काढते. पण उन्हाळा लागायच्या आधी एकदा बंपर उतरवतेच. गेल्या खेपेला मेकॅनिकने बंपर बाजूला ठेवला तेव्हा डाव्या फटीत गादीतल्या कापसासारखी दबलेली, काळपट, ओलसर थप्पी होती. तिच्यात निंबाच्या काड्या आणि एक अख्खी सरकी. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेल्यावर अशा रेडिएटरमधून हवा जाणार कुठून? शिवाय ओला कचरा ॲल्युमिनियमला चिकटून राहिला की कंडेन्सर खालून कुजायला लागतो आणि एसीचा गॅस गळतो. गाडी धुणाऱ्या पोराला प्रेशरचा पाइप इथे मारू देऊ नका. रेडिएटर-कंडेन्सरच्या बारीक पट्ट्या फार नाजूक असतात. एकदा वाकल्या की हवेची वाट बंद.

ही गाडी घरी उभी ठेवून फक्त रविवारी काढावी, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटे होतात, श्रावणात ब्रेकच्या डिस्कवर गंज धरतो. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, इथेनॉल ओल धरतं, आणि माझी गाडी दहा टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलसाठी बनलेली. तेव्हा पेट्रोल टाकीत साचवून ठेवण्यापेक्षा जाळलेलं बरं. गाडी चालवावीच. मात्र कंपनीच्या पुस्तकातले सर्व्हिसचे आकडे आपल्या मातीला आणि उन्हाला पुरत नाहीत, ते आपण जवळ ओढायचे.

माझे बाबा जिनिंगमध्ये फिरताना प्रत्येक बेरिंगच्या डब्यावर तळहात ठेवत पुढे जायचे. "आवाज आल्यावर काय पाह्यतं बाई, अगुदर हात लावून पाह्य," म्हणायचे. मी गाडीची तपासणी त्याच सवयीने करते.

टायरपासून सुरू करते. हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी. गेज स्वतःचं ठेवा, दुकानागणिक काटा वेगळा बोलतो. पुढच्या आणि मागच्या टायरचा आकडा वेगवेगळा असतो, मागे जास्त, कारण वजन मागे आहे. गाडीवर स्टिकर असतो त्याप्रमाणे भरायचं. तापमान दहा अंशांनी बदललं की हवेच्या दाबात साधारण दीड-दोन पीएसआयचा (गेजवरच्या एककाचा) फरक पडतो, म्हणून डिसेंबरच्या गारठ्यात भरलेली हवा एप्रिलमध्ये पुन्हा मोजावीच लागते. आणि भर दुपारी महामार्गावर टायर तापलेला असताना वाढलेला आकडा पाहून हवा सोडायची नाही, हे आमच्या ड्रायव्हरलाही मी बजावून ठेवलंय.

मागचे टायर आतल्या कडेला लवकर झिजतात. चाकं किंचित आत कललेली असतात, त्यामुळे बाहेरून नक्षी भरलेली दिसते आणि आतून टायर गुळगुळीत झालेला असतो. उभ्याने हे कधीच दिसत नाही. मी मोबाइल चाकामागे धरून व्हिडिओ काढते. कायद्याने नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण आमच्याकडे पहिल्या पावसात रस्त्यावर काळ्या मातीचा चिखल येतो, त्यावर मी तेवढ्या टायरने जाणार नाही. टायरचं वयही वाचा. कडेला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा.

बाभळीचा काटा हा आमच्याकडचा वेगळाच त्रास. आत मोडतो, वर काही दिसत नाही, आणि हवा रोज थोडीथोडी कमी होते. बसस्टँडजवळच्या पंक्चरवाल्या भाऊने पाण्यात धरून दाखवलं होतं. "ताई, काटा अंदरच तुटून हाये. हवा आज नाही तं उद्या जाईनच." माझ्या गाडीत स्टेपनी नाही, हवेचा छोटा पंप आणि टायरमध्ये भरायचं द्रव एवढंच. म्हणून एकाच चाकाची हवा सारखी कमी होत असेल तर मी त्याच दिवशी दाखवते.

पाण्याबद्दल एकच सांगायचं, पण ते पक्कं लक्षात ठेवा. आपला भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारट. बोअरचं पाणी जिथे पिकाला सोसत नाही तिथे इंजिनला काय सोसणार! इंजिन थंड ठेवणारं द्रव, म्हणजे कूलंट, कमी झालं तर डिस्टिल्ड वॉटर आणि योग्य कूलंट निम्मं-निम्मं. कूलंटच्या टाकीचं झाकण मागच्या डिकीत आहे, ते गाडी गार असतानाच उघडायचं. पातळी वारंवार उतरत असेल तर वरून ओतत बसू नका, गळती शोधा.

इंजिन ऑइलची पातळी डॅशबोर्डवर दिसते, पण जमीन सपाट हवी. मी पेट्रोलच्या दर दुसऱ्या टाकीला पाहते. पोर्शेची ए४० मान्यता असलेलं ०डब्ल्यू-४० जाडीचं ऑइल वापरते आणि वर्षातून एकदा बदलतेच, किलोमीटर कमी झाले असले तरी. घर ते जिनिंग हे अंतर इतकं थोडं की ऑइल पुरतं तापतच नाही, त्यातली वाफ आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही. पाण्याच्या तापमानाचा काटा जागेवर आला तरी ऑइल तापायला मागे असतं, तोवर इंजिन ओढायचं नाही. बदलताना जुन्या फिल्टरच्या घड्या उलगडून उन्हात धरते. चकाकणारे कण दिसले नाहीत की समाधान वाटतं. हवेचा फिल्टर मात्र हंगाम संपला की लगेच बदलते, कारण इंजिन दारामागच्या जाळीतून श्वास घेतं आणि तिथेही रुई पोचते.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. ते हवेतली ओल पितं. डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. चिखलदऱ्याचा घाट उतरताना हा फरक पायाखाली कळतो. पॅड किती उरलेत ते चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्चने दिसतं.

रस्त्यांचं बोलायचं तर जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीज विक्रम झाला. त्या रस्त्यावर ही गाडी काय सुंदर पळते! पण तिथपर्यंत पोचायला मूर्तिजापूरकडचा रस्ता आहे, आणि खाली काळी माती. पावसात ती फुगते, उन्हात आकसून भेगाळते, वरचा रस्ता लाटांसारखा होतो. त्यामुळे पावसाळा सरल्यावर मी चाकांची अलाइनमेंट करून घेते आणि गाडी रॅम्पवर चढली की पोटाखालच्या प्लास्टिकचे बोल्ट, सस्पेन्शनच्या रबरी बुशा स्वतः खाली वाकून पाहते. स्टीअरिंग थरथरलं तर आधी रिमच्या आतली वाळलेली माती खरवडून काढा. पुष्कळदा बॅलन्सिंगचा खर्च वाचतो.

बाकी किरकोळ. काचेखालच्या, बॅटरीशेजारच्या पाणी जायच्या भोकांत निंबाची पानं अडकतात, ती मृगाच्या आधी साफ. इंजिनचा पट्टा पाहायचा तर सीटमागचं झाकण काढावं लागतं, ते सर्व्हिसलाच होतं. सोयाबीन निघालं की उंदीर घराकडे येतात, तेव्हा वायरी कुरतडल्यात का ते पाहणं आलं.

तारीख, किलोमीटर आणि चारही चाकांची हवा मी हाताने वहीत लिहिते. सध्या त्या वहीत डाव्या मागच्या चाकाचा आकडा सलग उतरता दिसतोय, आणि उद्या दुकान उघडलं की गाडी आधी पंक्चरवाल्या भाऊकडे जाणार आहे.